साखरांब्याची बरणी

चैत्र महिना लागला, की पुण्याच्या मंडईत कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. मंडईची ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत 1886 साली उभी राहिली. तेव्हा तिला ‘रे मार्केट’ म्हणत. आता तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता, हे मात्र तेथे कैऱ्या निवडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या दिवसांत घरोघरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. त्यासाठी आंब्याची डाळ वाटली जाते, पन्हे केले जाते. तरीही कैऱ्या उरतात. त्यातच वळवाचा पाऊस आला, की वाऱ्याने झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. आदळून पडलेली कैरी नीट पिकत नाही आणि फार दिवस टिकतही नाही. आठ दिवसांत ती सुरकुतते, मऊ पडते आणि देठाजवळ काळी होऊ लागते.

आज फळ खूप आहे, पुढे आठ महिने ते मुळीच मिळणार नाही. मग ते राखावे कसे? हा प्रश्न माणसापुढे फार प्राचीन काळापासून आहे. त्याची तीन उत्तरे आपल्या घरांतच सापडतात. कैरीच्या फोडी उन्हात खडखडीत वाळवून ठेवाव्यात, हे पहिले. मीठ लावून लोणचे घालावे, हे दुसरे. आणि साखरेच्या पाकात मुरवून साखरांबा करावा, हे तिसरे. या तिसऱ्या उत्तराची आपण ओळख करून घेऊ. साखरांबा करणे अवघड नाही. परंतु तो का टिकतो हे ज्याला समजले, त्याचाच साखरांबा वर्षभर टिकतो. इतरांचा पुष्कळदा श्रावणातच आंबून जातो.

प्रथम नावाविषयी थोडेसे. साखर आणि आंबा मिळून साखरांबा, गूळ आणि आंबा मिळून गुळांबा, हे तुम्ही सहज ओळखाल. ‘मुरांबा’ या शब्दाची गंमत निराळी आहे. पाकात राखलेल्या फळाला अरबी भाषेत ‘मुरब्बा’ म्हणतात. तो शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. आणि मराठी कानाला त्यात आपले ‘मुरणे’ हे क्रियापद व आपला आंबा, दोन्ही ऐकू आली. त्यामुळे तो मुरांबा झाला. त्याच वळणावर मुरलेल्या आवळ्याचा मोरावळा झाला. काही घरांत किसाचा तो साखरांबा आणि फोडींचा तो मुरांबा असा भेद करतात. काही घरांत याच्या नेमके उलट मानतात. या वादात आपण पडू नये. आपण येथे फोडींचा साखरांबा करणार आहोत.

साखर हा शब्दही मोठा प्रवासी आहे. आपला संस्कृत ‘शर्करा’ शब्द फारसीत ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि युरोपातील भाषांतून फिरत फिरत इंग्रजीत ‘शुगर’ झाला. उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढण्याची कला प्रथम भारतात साधली, याची ही शब्दातील खूण होय. तरीही आपल्याकडील सामान्य घरांत साखर पुष्कळ काळ महागच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर ती शिधापत्रिकेवर मोजून मिळे. ज्या घरी साखर परवडत नसे, त्या घरी गुळांबा होई. पुढे अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. या कामी त्यांना पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांचे साहाय्य झाले. त्यानंतर महाराष्ट्रात असे कारखाने वाढत गेले. आज साखरांब्याला साखर मिळविण्याची चिंता कोणालाच करावी लागत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फळ का नासते? हवेत, पाण्यात, आपल्या हातांवर, फळाच्या सालीवर, सर्वत्र डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. काही जंतू असतात, काही बुरशीचे बीजाणू असतात, काही यीस्टच्या पेशी असतात. फळाचा रस हे त्यांचे अन्न. तो मिळाला की त्यांची वाढ झपाट्याने होते आणि फळ आंबते, कुजते किंवा त्यावर बुरशी धरते. फ्रान्समधील लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने 1860 च्या सुमारास आपल्या प्रयोगांनी ही गोष्ट दाखवून दिली. त्यापूर्वी पदार्थ आपोआप नासतो, असेच पुष्कळ विद्वानांनाही वाटत असे.

या सूक्ष्म जीवांना अन्नाइतकीच पाण्याची गरज असते. पाण्याशिवाय त्यांना अन्न घेता येत नाही आणि वाढताही येत नाही. कोरडे धान्य, वाळवलेली मिरची, पापड ही वर्षभर राहतात, याचे कारण त्यांत पाणी अगदी थोडे असते. पण साखरांबा तर ओला आहे! त्यात पाक आहे आणि पाकात पाणी आहेच. मग तो कसा टिकतो?

याचे उत्तर मिळविण्यासाठी एक छोटा प्रयोग करा. कच्च्या कैरीच्या चार पातळ चकत्या ताटलीत ठेवा आणि त्यांवर चमचाभर कोरडी साखर पसरा. अर्ध्या तासाने पाहा. साखर ओली झालेली दिसेल, ताटलीत पाणी जमलेले दिसेल आणि चकत्या मऊ, सुरकुतलेल्या झालेल्या असतील. तुम्ही तर पाण्याचा थेंबही घातला नव्हता! ते पाणी कैरीतून आले. कोशिंबिरीला मीठ लावल्यावर ‘पाणी सुटते’ असे आपण म्हणतो, तेच येथे घडले. कैरीचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून पाणी ये-जा करू शकते, साखर मात्र सहजासहजी जाऊ शकत नाही. बाहेर साखर दाट आणि आत रस पातळ, अशी स्थिती झाली, की पाणी आतून बाहेर, दाट द्रवाकडे जाते. शास्त्रात या क्रियेला परासरण असे म्हणतात.

आता कल्पना करा, की या चकत्यांच्या जागी एखादा जंतू आहे. दाट पाकात पडताच त्याच्या पेशीतील पाणी बाहेर खेचले जाते. पाकात पाणी आहे खरे, पण ते साखरेने धरून ठेवलेले आहे. जंतूला ते मिळत नाही. समुद्रात पडलेल्या तहानेल्या खलाशाची जी गत, तीच त्याची. तो मरतोच असे नाही, पण वाढू शकत नाही. साखरांब्याचे सारे रहस्य या एका गोष्टीत आहे. साखर येथे केवळ गोडीसाठी नाही, ती पहारेकरी आहे. म्हणूनच ‘गोड कमी आवडते’ म्हणून ज्यांनी साखर निम्मी केली, त्यांचा साखरांबा चवीला छान लागेल, पण तो पंधरा दिवसांत संपवावा लागेल किंवा शीतकपाटात ठेवावा लागेल.

हा पहारा पुरेसा आहे की नाही, हे ओळखायचे कसे? बाजारात विकल्या जाणाऱ्या मुरांब्यात साखर व इतर विरघळलेले घन पदार्थ मिळून 65 टक्क्यांहून कमी असू नयेत, असा आपल्याकडील अन्नसुरक्षेचा नियम आहे. काही चिवट यीस्ट बऱ्याच गोड पाकातही तग धरतात. म्हणून घरी 68 टक्क्यांपर्यंत गेलेले बरे. आपल्या आज्या-पणज्यांना ही टक्केवारी ठाऊक नव्हती. तरी त्यांचे साखरांबे टिकत. त्यांच्याजवळ एक निराळे माप होते. ते पुढे येईलच.

आता साखरांबा करू. यात उकळता पाक हाताळावा लागतो आणि तो उकळत्या पाण्याहूनही वाईट भाजतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. तेव्हा चुलीजवळचे काम घरातील मोठ्या माणसाने करावे. तुम्ही निवडणे, धुणे, मोजणे आणि पाहणे ही कामे करावीत. त्यांतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कैरी निवडताना ती घट्ट, डाग नसलेली आणि पूर्ण वाढलेली घ्यावी. आतील कोय टणक झालेली असावी, पण गर अजून पांढरट हिरवा असावा. राजापुरी जातीची मोठी, भरपूर गराची कैरी साखरांब्याला उत्तम. पाडाला आलेली, आतून पिवळसर पडलेली कैरी घेऊ नये. फळ पिकू लागले, की त्याच्या पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिन नावाचा पदार्थ विरघळू लागतो. अशी फोड शिजताच तिचा लगदा होतो. देठाशी चीक असतो. तो कातडीला लागला तर आग होते. म्हणून देठ कापून कैऱ्या थोडा वेळ पाण्यात ठेवाव्यात, धुवाव्यात आणि कोरड्या पुसाव्यात. मग साल अगदी हिरवी छटा जाईपर्यंत काढून बोटाच्या पेराएवढ्या सारख्या फोडी कराव्यात. फोडी लहान-मोठ्या झाल्या तर लहान विरघळतात आणि मोठ्या कच्च्या राहतात.

साल व कोय काढलेल्या फोडी 500 ग्रॅम असतील, तर साखर 750 ग्रॅम घ्यावी. कैरी फार आंबट असेल तर साखर थोडी वाढवावी. जुन्या वह्यांत ही मापे शेर-पावशेरात लिहिलेली सापडतात. आपल्या देशात दशमान वजनांचा वापर 1958 सालच्या ऑक्टोबरपासून सुरू झाला. पण तुम्हांला जुन्या वहीतून साखरांबा करायचा असला, तर शेराचे किलोग्रॅम करीत बसण्याचे कारण नाही. फळाच्या दीडपट साखर, एवढे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे पुरे.

भांडे स्टीलचे घ्यावे. पूर्वी पितळेच्या पातेल्यात साखरांबा करीत, पण त्या पातेल्याला आतून कल्हई असे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडत. घरोघरच्या भांड्यांना कल्हई लावणारा कल्हईवाला दारावर येई आणि मुले त्याच्या भात्याभोवती जमत. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला, की तो कळकतो. कैरीतील आम्ल तांब्याला खाते, तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात आणि ते विषारी असतात. साध्या ॲल्युमिनियमचे भांडेही आंबट पदार्थाला योग्य नव्हे.

आता फोडी वाफवायच्या. येथे पुष्कळांची घाई होते. फोडी तशाच, कच्च्या, दाट पाकात टाकल्या तर काय होईल? आपल्या चकत्यांचा प्रयोग आठवा. फोडीतील पाणी बाहेर येईल, पण पेशींचे पडदे धड असल्यामुळे साखर आत जाणार नाही. फोड आकसून चामट होईल. बाहेर गोड आणि आत आंबट, अशी ती चावताना दातांना लागेल. वाफवल्याने पेशींचे पडदे फाटतात. मग साखरेला आत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून फोडी चाळणीत ठेवून पाण्याच्या वाफेवर सात-आठ मिनिटे वाफवाव्यात. कडा किंचित पारदर्शक दिसल्या आणि सुरीचे टोक सहज आत गेले, की लगेच उतरवाव्यात. बोटांनी दाबल्यावर फोड मोडली, तर ती जास्त शिजली असे समजावे.

खात्री करून घ्यायची असेल, तर दोन वाट्यांत थंड पाक घ्या. एका वाटीत एक कच्ची फोड टाका आणि दुसरीत एक वाफवलेली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवा. फरक सांगण्याची जरूर पडणार नाही.

पातेल्यात साखर घेऊन ती बुडेल इतके, म्हणजे सुमारे 400 मिलिलिटर पाणी घालावे आणि मंद आचेवर ती विरघळू द्यावी. पूर्वी साखरेत मळी असे. उकळत्या पाकात चमचाभर दूध घातले, की दुधातील प्रथिने गोठताना मळीला आपल्याबरोबर ओढून वर आणीत आणि ती झाऱ्याने काढून टाकता येई. आताची साखर स्वच्छ असते, त्यामुळे ही खटपट बहुधा करावी लागत नाही. पाक बोटाला चिकट लागू लागला, की तार येण्याच्या आधीच त्यात वाफवलेल्या फोडी सोडाव्यात. पाक आधीच फार दाट केला, तर वाफवलेली फोडही आकसते. साखर आत शिरायला वेळ लागतो. तिला तो वेळ द्यावा, म्हणजे फोडींबरोबरच पाक हळूहळू आटवावा. अधूनमधून उलथन्याने अलगद हलवावे, ढवळून फोडी मोडू नयेत.

केव्हा उतरवायचे, हे आता तार सांगेल. पाकाचा एक थेंब ताटलीत काढावा, निवू द्यावा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे हळूच विलग करावीत. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. मग तार दिसेल, पण लगेच तुटेल. पुढे एक तार न तुटता उभी राहील. ही एकतारी. हेच ते आज्यांचे माप. पाकातील पाणी जसजसे कमी होते, तसतसा तो अधिक चिकट होतो. म्हणून तार म्हणजे पाकात किती पाणी उरले आहे, याची बोटांनी केलेली मोजणीच होय. युरोपात पाश्चर यांचे प्रयोग गाजत होते, त्याच सुमारास 1875 साली मराठीत ‘सूपशास्त्र’ हे पाककृतींचे पुस्तक छापले गेले. त्या काळी पुण्यातील कोणत्या स्वयंपाकघरात तापमापक असणार? पण बोटे प्रत्येकीजवळ होती.

तुमच्या घरी तापमापक असेल, तर तो वापरून पाहण्यास हरकत नाही. मात्र येथे पुण्यातील मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा पाकाचे तापमान 105 अंश सेल्सिअस झाले की तो तयार झाला, असे पुस्तकांत लिहिलेले असते. हा आकडा समुद्रकाठच्या गावांना लागू पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे येथे पाणी 100 ऐवजी सुमारे 98 अंशांवरच उकळते. पाकही तितकाच आधी, 103 अंशांच्या आसपास तयार होतो. पुण्यात 105 अंशांपर्यंत थांबलात, तर पाक गरजेपेक्षा अधिक आटेल आणि पुढे बरणीत घट्ट होऊन बसेल. तार मात्र मुंबईतही तीच आणि पुण्यातही तीच. या बाबतीत काचेच्या नळीपेक्षा दोन बोटे वरचढ ठरतात, असे मला तरी वाटते.

ज्यांना गणित आवडते, त्यांच्यासाठी आणखी एक रीत आहे. कच्च्या कैरीत सुमारे 87 टक्के पाणी असते. म्हणजे 500 ग्रॅम फोडींत जवळजवळ 440 ग्रॅम पाणी आणि 60 ग्रॅम घन पदार्थ. त्यात 750 ग्रॅम साखर मिळवली, की घन पदार्थ झाले 810 ग्रॅम. हे एकूण वजनाच्या 68 टक्के व्हायचे असतील, तर तयार साखरांब्याचे वजन सुमारे 1200 ग्रॅम असले पाहिजे. आरंभी फोडी, साखर व पाणी मिळून वजन होते 1650 ग्रॅम. तेव्हा सुमारे 450 ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी करून ठेवले असेल, तर घरातील तराजूवर हे पडताळून पाहता येते. तार आणि तराजू यांचे उत्तर किती जवळ येते, ते अवश्य पाहा.

साखरेचा नुसता दाट पाक काही दिवसांनी तळाशी खडे धरतो. साखरांब्यात मात्र सहसा तसे होत नाही. याचे श्रेय कैरीच्या आंबटपणाला आहे. आम्लाबरोबर उकळली असता साखर काही प्रमाणात फुटून तिच्यापासून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा तयार होतात. या पाहुण्या शर्करा मध्ये मध्ये आल्यामुळे साखरेच्या कणांना एकमेकांशी जुळून खडे बनविता येत नाहीत. गुलाबजामच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात, तेही यासाठीच. कैरीतील पेक्टिनचाही उपयोग होतो. त्याने पाकाला दाटपणा व चकाकी येते.

उतरवताना वेलदोड्याची पूड घालावी. ती आधी घातली तर तिचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. केशर असेल तर चार काड्या. नसेल तरी कैरीचा स्वतःचा सोनेरी रंग पुरेसा आहे. दोन लवंगा मात्र हव्यातच.

आता बरणी. चिनी मातीची किंवा काचेची बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी. साखरांबा पातेल्यातच झाकणाऐवजी स्वच्छ फडके टाकून निवू द्यावा. गरम असताना झाकण लावले, तर वाफ झाकणाला आतून लागून तिचे थेंब होतात आणि ते पाकाच्या पृष्ठभागावर टपकतात. त्या चार थेंबांनी वरचा पातळसा थर सैल होतो. तेथे पहारा ढिला पडतो आणि बुरशी नेमकी तेथेच धरते. पावसाळ्यात हवेतील ओलावाही असेच करतो, कारण साखर पाणी खेचते, मग ते फळातील असो की हवेतील. म्हणून झाकण घट्ट बसवून त्यावर कापडाचा दादरा बांधतात. दादऱ्याने धूळ आणि मुंग्या दूर राहतात. पूर्वी बरणी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवीत, ती मुंग्यांना अडविण्यासाठी. ओला चमचा बरणीत घालू नये, असे घरातील वडील माणसे का बजावीत असतात, हे आता तुम्हांला वेगळे सांगायला नको.

एवढे करून दोन-तीन दिवसांनी बरणी उघडून पाहावी. पुष्कळदा पाक सैल झालेला दिसतो. यात भिण्यासारखे काही नाही. फोडींच्या गाभ्यात राहिलेले पाणी हळूहळू बाहेर आले आणि पाकातील साखर आत गेली. यालाच आपण मुरणे म्हणतो. अशा वेळी सर्व साखरांबा पातेल्यात काढून पुन्हा एकतारी होईपर्यंत आटवावा आणि थंड करून भरावा. अनुभवी गृहिणी ही दुसरी तपासणी कधी चुकवीत नाहीत. जो साखरांबा पहिल्या दिवशी बरोबर होता आणि महिन्याभरात बिघडला, त्याच्या बाबतीत बहुधा ही तपासणीच राहिलेली असते.

बरणीतून फसफसल्यासारखे बुडबुडे येऊ लागले, दारूसारखा वास आला किंवा वर पांढरा-हिरवा केसाळ थर दिसला, तर तो साखरांबा टाकून द्यावा. बुरशी वरून काढून खालचा भाग खाणे योग्य नाही. तिचे धागे व विषारी द्रव्ये खालीही उतरलेली असू शकतात.

पोळीबरोबर, थालीपिठाबरोबर, उपवासाच्या दिवशी वरीच्या तांदळाबरोबर साखरांबा खातात. प्रवासाच्या डब्यात तो सांडत नाही आणि नासत नाही. कच्च्या कैरीत असलेले ‘क’ जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे नाहीसे होते, तेव्हा तो औषध म्हणून खाऊ नये, चवीसाठी खावा. आणि त्यात दोनतृतीयांश साखर आहे, म्हणून चमच्यानेच खावा.

कार्तिक-मार्गशीर्षात बरणी अर्धी झालेली असते आणि मंडईत कैरीच्या जागी आवळे आलेले असतात. त्यांचा मोरावळाही याच रीतीने होतो. फक्त आवळा फोडी न करता अखंड ठेवायचा असल्यास वाफवण्यापूर्वी त्याला काट्याने सगळीकडून टोचे मारावे लागतात. ते कशासाठी, हे कैरीच्या फोडीने तुम्हांला आधीच सांगितले आहे.